कुंडीतला वाटाणा

नमस्कार, श्रोतेहो.

माहितीपट करणाऱ्या माणसाला आवडता सिनेमा विचारला, की एखादं भारीतलं परदेशी नाव ऐकायला लोक कान टवकारतात. माझं उत्तर असतं, वाटाणा! ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ च्या सुमारास, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा लावून दिवसेंदिवस त्याची वाढ थोडीथोडी टिपली. पडद्यावर तोच अंकुर बघता बघता मोठा झाला. पैसे घालणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून केलेला हा खटाटोप. मी तो पाहिलेला नाही, फक्त वाचलंय त्याच्याबद्दल. तरी माझ्या यादीत पहिला तोच.

कारण मला वाट बघता येत नसे. माझ्या पहिल्याच चित्रीकरणात एका कुंभारीण आजींना विचारलं, चाक कधी सोडलंत? आजी गप्प. मी आपला पाचेक सेकंद थांबलो आणि म्हणालो, ‘कट’. कॅमेरा बंद झाला, आजींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, ‘सोडलं कुठं बाबा, काढून घेतलं.’

आता काय करता!

त्यानंतर डच दिग्दर्शक बर्ट हान्स्त्राचा ‘ग्लास’ पाहिला, १९५८ चा. जेमतेम दहा-अकरा मिनिटांचा, ऑस्कर मिळालेला. गाल फुगवून काच फुंकणारे कारागीर आणि सोबतीला जॅझ. मग येतं बाटल्यांचं यंत्र. एक बाटली फुटते, यंत्राला त्याचा पत्ताच नाही, ते आपलं मागून येणाऱ्या बाटल्या ढकलतंय आणि खळ्ळकन फोडतंय! निवेदन म्हणाल तर औषधालाही नाही. माझ्या तेव्हाच्या संहितेत त्या जागी ‘यंत्रयुगाची शोकांतिका’ असं काहीतरी नक्की आलं असतं.

आणि एस. एन. एस. शास्त्रींचा ‘आय ॲम ट्वेंटी’. फिल्म्स डिव्हिजन, १९६७. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली, विशीतली पोरं देशाबद्दल बोलतात. कुणी भरभरून, कुणी कुरकुरत. सरकारी पैशातून झालेला सिनेमा, आणि ही कुरकुर त्यात राहू दिली आहे! मूळ सिनेमाआधी थिएटरात सक्तीने लागणाऱ्या सरकारी फिल्म्स म्हणजे वडा खायची वेळ, अशी माझी समजूत होती. ती इथे मोडली.

१९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’वर, म्हणजे रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या बर्फाळ प्रदेशातल्या इनुइट कुटुंबावरच्या माहितीपटावर, मात्र माझं स्वतःशीच भांडण चालू असतं. बर्फाच्या घरात उजेड पुरेना म्हणून फ्लॅहर्टीने अर्धंच घर बांधून घेतलं आणि त्या उघड्यावर माणसांना झोपायला लावलं. चूक? मी दहा वेळा ‘हो’ म्हणालोय. पण आजींकडे परत गेलो, तेव्हा माझ्याही तोंडावर आलंच होतं, ‘आजी, परवाचं ते वाक्य पुन्हा एकदा म्हणता का?’

विचारलं नाही. कॅमेरा लावला आणि बसून राहिलो. त्या दिवशी आजी फक्त पावसाबद्दल बोलल्या. तेच ठेवलंय सिनेमात.