रक्त कमी आहे, म्हणजे नेमकं काय कमी आहे?

(दृश्य: पहाट. अमळनेर तालुक्यातलं कापसाचं शेत. कमरेला फडक्याची झोळी बांधलेल्या बाया.)

दव अजून उडालेलं नाही, पण वेचणी सुरू झाली आहे. मजुरी किलोवर मिळते, म्हणून हात थांबत नाहीत. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचतात. झोळी भरली की बांधावर रिकामी करायची आणि पुन्हा ओळीत शिरायचं.

या बायांच्या बोलण्यात दोन गोष्टी सारख्या येतात. चक्कर येस. पाय दुखतस. दवाखान्यात सांगतात, रक्त कमी आहे. मग गोळ्या येतात, टॉनिकची बाटली येते आणि कुणी शेजारणीनं सांगितलं म्हणून पावडरीचा चकचकीत डबाही येतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त.

पण रक्त कमी आहे हे अर्धंच उत्तर झालं. रक्तात नेमकं काय कमी आहे?

(दृश्य: चूल. परातीत कळण्याचं पीठ. तव्यावर भाकरी फुगते.)

ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं हे कळण्याचं पीठ. आमच्याकडे थंडीत घरोघरी ही भाकरी होते. वर ठेचा, तेल आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. धान्य आणि डाळ एकाच घासात पोटात जातात, त्यामुळे एकातली प्रथिनांची उणीव दुसरं भरून काढतं. ज्यानं पहिल्यांदा हे दोन्ही जात्यात एकत्र घातलं, त्याला मोठं शहाणपण होतं, असं मला मनापासून वाटतं. सोबत मेथी, तांदुळजा, शेवग्याचा पाला असला तर लोहही मिळतं. मात्र धान्य-भाजीतलं लोह शरीर थोडंच उचलतं. लिंबू पिळलं तर जास्त उचलतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी.

आता बांधावर बघा. भाकरी सुटली आणि त्याच फडक्यावर चहाची किटलीही टेकली. हा चहा तासाभरानं प्यायला तर काहीच बिघडणार नाही.

(दृश्य: शाळेचं आवार. मुलींची रांग. तळहातावर निळी गोळी.)

आज सोमवार, निळ्या गोळीचा दिवस. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एक. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, म्हणजे रक्त बनायला लागणारं एक जीवनसत्त्व, असतं. गरोदर बाईची गोळी लाल. शाळेतल्या मुलीच्या हातात तसलीच लाल गोळी बघून घरच्यांनी भलतंच समजू नये, म्हणून हिचा रंग निळा ठेवला. पोटभर खाऊन, पाण्याबरोबर घ्यायची. शौचाचा रंग काळा होतो, कधी मळमळतं. घाबरायचं कारण नाही. एक पैसाही पडत नाही, म्हणून कुणी तिला हलकी समजू नये. या फिल्ममध्ये दिसणाऱ्या सगळ्या डब्या-बाटल्यांत माझा सर्वांत जास्त भरवसा हिच्यावर आहे.

(दृश्य: जुन्या मुंबईतली गिरणी, कामकरी बाया.)

या गोळीतल्या फॉलिक ॲसिडची गोष्ट कापसाच्या वाटेनंच मुंबईला जाते. खानदेशचा कापूस ज्या मुंबईच्या गिरण्यांत जायचा, तिथल्या गरोदर बायांना एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्लंडच्या डॉक्टर त्याचं कारण शोधायला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचं काम चाले. आधी जंतूंचा संशय घेतला. हाती काही लागलं नाही. मग त्यांनी बायांचं ताट पाहिलं. दूध, फळं, भाजीपाला जवळजवळ नव्हताच. तसलंच खाणं त्यांनी प्रयोगशाळेतल्या जनावरांना दिलं, तर त्यांचंही रक्त उतरलं. आणि एक अगदी स्वस्त वस्तू देताच ते भरून येऊ लागलं: यीस्टचा काळपट अर्क, मारमाइट. इंग्रज लोक तो पावाला लावून खात. बायांनाही त्यानं गुण आला. १९३१ साली विल्स यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्या अर्कात काय होतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, तो घटक पालकाच्या पानांतून वेगळा निघाला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड.

म्हणजे त्या बायांची उणीव एका ठराविक घटकाची होती. तो मिळाला आणि त्या उठून बसल्या.

(दृश्य: सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. आरोग्य उपकेंद्र. बोटातून रक्ताचा थेंब.)

इथे, सातपुड्याच्या पायथ्याशी, रक्त कमी असण्याचं कारण सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आजार, हेही असू शकतं. हा आजार आईबापांकडून येतो आणि लोहाची बाटली पिऊन तो जात नाही. उलट ज्याला वारंवार रक्त चढवावं लागतं त्याच्या अंगात लोह आधीच साचलेलं असतं. शाकाहारी माणसाला आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्याला बी १२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. त्याला नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्ताचा आकडा सुधारतो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. म्हणून आधी हा थेंब.

(दृश्य: औषधाचं दुकान. फळीवर डब्यांची रांग. एका डब्याचं लेबल जवळून.)

कायद्यानं पावडरीचा हा डबा औषध नाही, अन्न आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे डब्यावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबरही असतो. तो नसेल तर डबा परत फळीवर ठेवा. आधीपासून थायरॉइडची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नका. कॅल्शियम आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर लागतं. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी आठवड्याची असते, ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडावर येतं. गरोदरपणी अ जीवनसत्त्व जास्त झालं तर बाळाला धोका. लोहाच्या गोळ्या लहान मुलाच्या हाती लागल्या तर जिवावर बेतू शकतं.

(दृश्य: संध्याकाळ. वजनकाटा. कापसाची गाठोडी. मघाची बाई पदरानं हात पुसते.)

मघाशी पहाटे ओळीत सर्वांत पुढे होती ती हीच. आज दुपारी काम अर्धं टाकून ती उपकेंद्रात तपासणीसाठी रक्त देऊन आली. रिपोर्ट परवा मिळणार आहे. तिच्या घरातला पावडरीचा डबा तोवर झाकण लावून वरच्या फळीवर आहे. तिचं गाठोडं आता काट्यावर चढतंय.