क्रॉस डॉकिंग : गाडीच्या आधी यादी पोचली पाहिजे

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच प्रश्नाच्या, क्रॉस डॉकिंग म्हणजे काय. चला, आज तेच.

व्याख्या सोपी आहे. आलेला माल गोदामात रचून ठेवायचा नाही. फलाटावरच गावाप्रमाणे वेगळा करायचा आणि पुढच्या गाड्यांत भरायचा, शक्यतो २४ तासांच्या आत. वॉलमार्टने १९८०च्या दशकात हे मोठ्या प्रमाणावर केलं. गोदामभाडं वाचतं, मालात पैसा अडकून पडत नाही. झालं.

आता मुद्द्याचं बोलू. गाडी लागायच्या आधी यादी आली पाहिजे! कुठला नग कुठल्या गावाला, हे आधी कळलं पाहिजे.

सोलापुरात हैदराबाद रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये मी काम करायचो. एकदा भिवंडीची गाडी पहाटे तीनला लागली, १८० नग. खोक्यांवर पार्टीचं नाव होतं, गाव नव्हतं. बिल्ट्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालाच्या पावत्या, ड्रायव्हरच्या सीटखाली, पावसानं भिजून एकमेकींना चिकटलेल्या. विजयपूर, तुळजापूर, लातूरचे टेम्पो मागे उभे आणि हमाल विचारतायत, "कुठं टाकू मालक?" मला सांगता येईना. शेवटी सगळा माल एका ढिगात उतरवला. दहा वाजता भिवंडीचा फोन लागला, तोवर विजयपूरची खोकी पार तळाशी गेली होती. उचला, ठेवा, परत उचला. त्या हमालांची पाठ मोडली, याचं मला आजही वाईट वाटतं.

एका दादांनी लिहिलंय, "आपल्या कांदा मार्केटमध्ये रोज हेच चालतं की." नाही दादा. कांदा त्याच दिवशी बाहेर पडतो हे खरं, पण लिलाव होईपर्यंत तो कुणाकडे जाणार हेच ठरलेलं नसतं. नुसत्या घाईला क्रॉस डॉकिंग म्हणू नका.

पेपरचे गठ्ठे बघा. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, प्रत्येक गठ्ठ्यावर गावाची चिठ्ठी छापखान्यातच लागते. म्हणून ते पहाटे मिनिटांत पुढच्या गाडीत चढतात.

अजून एक सांगतो. एसटी स्टँडवर उतरलेला माणूस स्वतः विचारतो, "बार्शीची कुठं लागते ओ?" खोकं विचारत नाही. त्याच्या वतीनं यादीनं बोलायचं असतं.

हां, सगळ्याच मालाला हे चालत नाही. थंडीत खपणाऱ्या चादरी आधीपासून विणून ठेवायच्या, तर त्यांना गोदाम लागणारच.

आणि गाडी बदलली की ई-वे बिलाच्या, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या, पार्ट बीमध्ये (गाडीच्या माहितीचा भाग) नवा गाडी नंबर टाका. ५०,००० रुपयांवरचा माल विजयपूरला निघालाय आणि बिलावर अजून भिवंडीच्याच ट्रकचा नंबर, असं असेल तर वाटेत तपासणीला गाडी अडते. हा नंबर फलाटावरच भरा, टेम्पोचं दार लावायच्या आधी.