यादी मावेनाशी होते तेव्हा

लिनक्स यंत्रावरील एका डिरेक्टरीत लाखो लॉग फाइली (प्रोग्रामच्या कामाच्या नोंदी) साचल्या आहेत. त्या पुसण्यासाठी ‘आरएम’ कमांडपुढे तारांकन (*, म्हणजे ‘सगळ्या फाइली’) लिहून एंटर दाबले की पडद्यावर एकच ओळ उमटते: ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’, म्हणजे कमांडला द्यायची नावांची यादी फार लांब आहे. एकही फाइल पुसली गेलेली नसते.

हा नकार ‘आरएम’चा नसतो, ती सुरूच झालेली नसते. तारांकनाशी जुळणारी सगळी नावे शेल (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) स्वतः गोळा करतो आणि ती संपूर्ण यादी, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्ससह (प्रोग्रामला सोबत मिळणाऱ्या सेटिंग्जसह), नवा प्रोग्राम सुरू करणाऱ्या सिस्टिम कॉलमधून कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हवाली करतो. लिनक्समध्ये या सामग्रीला २००७ पर्यंत १२८ किलोबाइटची मर्यादा होती. २.६.२३ या आवृत्तीपासून ती स्टॅकच्या (प्रोग्रामच्या तात्पुरत्या कामाच्या मेमरीच्या) मर्यादेच्या एक चतुर्थांश झाली, म्हणजे ८ मेगाबाइट स्टॅक असलेल्या नेहमीच्या यंत्रावर २ मेगाबाइट. स्टॅक वाढवून वेळ मारून नेता येते, पण स्क्रिप्टने त्यावर विसंबू नये.

नुसते पुसायचे असेल, तर फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’ कमांडचा ‘डिलीट’ हा पर्याय पुरेसा आहे. इतर कामांसाठी ‘फाइंड’ने नावे पाइपमधून (एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) सोडावीत आणि ‘एक्सआर्ग्ज’ या कमांडने ती मर्यादेत बसतील अशा तुकड्यांनी पुढे द्यावीत. दोन नावांमध्ये मात्र शून्य बाइटच हवा, कारण फाइलीच्या नावात मोकळी जागाच नव्हे, तर नवी ओळसुद्धा असू शकते.

खरा धोका यापुढे आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोलले जाते. यादीचे तुकडे झाले की कमांड एकदा नव्हे, तर अनेकदा चालते. ‘आरएम’ला त्याने काही फरक पडत नाही, पण अनेक फाइली एका फाइलीत बांधणाऱ्या ‘टार’ला नवे संग्रहण बनवायला सांगितले असेल, तर प्रत्येक तुकड्यागणिक आधीचे संग्रहण पुसून नवे लिहिले जाते आणि शेवटी हाती फक्त अखेरचा तुकडा उरतो. त्रुटीचा संदेश येत नाही. मोजक्या फाइलींवर चाचणी घेताना सारे एकाच तुकड्यात मावते, त्यामुळे ही चूक तेव्हा दिसतच नाही. ती दिसते बॅकअप उघडायची वेळ येते तेव्हा.

म्हणून जिथे संपूर्ण यादी एकत्रच हवी, तिथे ती आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे कमांडच्या ओळीतच, देऊच नये. जीएनयू ‘टार’ नावांची यादी थेट पाइपमधून वाचू शकते. ओळी क्रमाने लावणारी ‘सॉर्ट’ आणि ओळी-शब्द मोजणारी ‘डब्ल्यूसी’ यांनाही शून्य बाइटने विभागलेली यादी वाचण्याचा पर्याय आहे, आणि त्या वाटेवर कर्नलची ही मर्यादा आड येत नाही.