गळ्यातला पट्टा काय सांगतो?

(लातूर येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कुत्र्याच्या पट्ट्यात बसवलेल्या चिपला कुत्रा कळत नाही, हिसके कळतात. तो पळाला, अंग झटकलं, गोचीड चावली म्हणून मागच्या पायाने मान खाजवली, सगळे तिच्या लेखी हिसकेच. त्यातून ‘आज जनावर बरं आहे की नाही’ इथवर कसं पोचायचं, हे आज बोलायचं आहे. जोडणी त्यामानाने सोपी आहे. तारा जोडायला एक संध्याकाळ पुरते.

म्हणून जोडणी लवकर उरकतो. ईएसपी-३२ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, त्याला एमपीयू-६०५० हा हालचालीचा सेन्सर, एक छोटी लिथियम बॅटरी आणि टीपी-४०५६ हे चार्जिंगचं मॉड्यूल. सेन्सरमध्ये हिसके मोजणारा त्वरणमापक आणि गिरक्या मोजणारा जायरोस्कोप असे दोन्ही असतात. आपल्याला पहिलाच पुरतो. दुसरा बंद ठेवला की सेन्सरचा विजेचा खर्च साडेतीन-चार मिलिअँपिअरवरून अर्ध्यावर येतो. अर्ध्यावर म्हणजे ०.५ मिलिअँपिअरवर, निम्म्यावर नाही!

आता गंमत बघा. हा सेन्सर टेबलावर निवांत ठेवला तरी शून्य दाखवत नाही, १ जी दाखवतो. ते गुरुत्वाकर्षण. पट्टा गळ्याभोवती फिरत राहतो, त्यामुळे सकाळी जो अक्ष जमिनीकडे होता तो दुपारी आभाळाकडे असतो. एकेका अक्षाच्या मागे लागलात तर हाती काही लागत नाही. तिन्हींच्या वर्गांची बेरीज करा, वर्गमूळ काढा, त्यातून १ वजा करा. उरली ती हालचाल.

सेकंदाला किती वेळा मोजायचं? भिजलेला मोठा कुत्रा अंग झटकतो तेव्हा सेकंदाला साधारण चार-पाच झटके देतो. नायक्विस्टच्या नियमाने त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. मी २५ वेळा मोजतो. तीन अक्ष, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे सेकंदाला १५० बाइट आणि दिवसाला जवळजवळ १३ एमबी. एवढं सगळं वायफायवरून सतत पाठवत बसलात तर ईएसपी-३२ सरासरी शंभरेक मिलिअँपिअर खातो आणि ५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पाच तासांत झोपते. शिवाय शेतात वायफाय आणायचं कुठून? त्यापेक्षा प्रत्येक मिनिटाची बेरीज करून एकच आकडा ठेवा. दिवसाचे १४४० आकडे, तीन केबीसुद्धा नाहीत. एमपीयूच्या पोटात १०२४ बाइटची रांग असते, तिच्यात पावणेसात सेकंदांची मोजणी मावते. तोवर मायक्रोकंट्रोलर झोपू द्या. उठला की हिशेब करेल, परत झोपेल. घराच्या वायफायजवळ आल्यावर दिवसाचं बाड एकदम पाठवेल.

इथपर्यंत सगळं इंजिनिअरिंग. पुढचं काम मात्र आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, बसून करायचं.

औशाकडे माझ्या मामांचा आखाडा आहे. तिथला मोत्या कारवानी रक्ताचा, लांब पायांचा. मी पट्टा चढवायला लागलो तर मामा म्हणाले, “त्याला घड्याळ बांधायलास काय रे? त्याला काय एसटी धरायची हाय?” पण पहिला आलेख मला वाचता आला नाही, तो मामांनी वाचला. रात्री दोनच्या सुमाराला आकडे एकदम उसळलेले होते. मामा म्हणाले, “डुकरं आल्ती सोयाबीनीत. बांधापर्यंत हाणून आला बघ त्यो.” पहाटेची छोटी उसळी म्हणजे मोटार चालू करायला निघालेल्या मामांबरोबरची फेरी. आणि उन्हाळ्यात अकरा ते पाच? सपाट. जांभळाखाली आडवा.

पुण्यातल्या फ्लॅटमधल्या लॅब्रॅडॉरसाठी ठरवलेलं ‘रोज इतकी मिनिटं हालचाल’ हे माप या कुत्र्याला लावलं, तर तो दिवसभर आजारी आणि रात्री वेडा ठरेल. त्यामुळे दुसऱ्या कुणाशी तुलना नको. मोत्याची तुलना मोत्याशीच, तीही त्याच तासाची त्याच तासाशी, मागच्या पंधरवड्यातल्या. आणि इथे सरासरी घेऊ नका, मध्यक घ्या, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारा आकडा. डुकरांची एक रात्र सगळी सरासरी वर ओढून नेते, मध्यकाला तिचं काही वाटत नाही.

खाजवण्याचं प्रकरण तर ऐकण्यासारखं आहे. कुत्रा एका जागी बसून मागच्या पायाने पट्ट्यापाशी खाजवतो तेव्हा सेन्सरला पळण्याइतके, कधी त्याहून मोठे हिसके बसतात. मिनिटाच्या बेरजेत तो ‘फार उत्साही’ दिसतो. प्रत्यक्षात गोचिड्या झालेल्या असतात किंवा कान बिघडलेला असतो. म्हणजे वाढलेला आकडा ही चांगली बातमीच असते असं नाही, आणि तयार पट्ट्यांच्या ॲपमधल्या हसऱ्या चेहऱ्यांवर माझा विश्वास नाही तो यामुळेच. खाजवणं वेगळं काढायचं तर नुसती बेरीज पुरत नाही, हिसक्यांचा आकार आणि ठेका दोन्ही बघावे लागतात.

ठेक्यावरूनही फसायला होतं. भर उन्हात धापणारा कुत्रा मिनिटाला तीनशेच्या आसपास श्वास घेतो, म्हणजे सेकंदाला पाच. अंग झटकण्याचा ठेकाही जवळपास तोच! फरक जोराचा. झटकताना आलेख छपराला लागतो, धापताना बारीक लहर उमटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा ही बारीक लहर फार मोलाची. ऊन उतरल्यावरही ती थांबली नाही, तर कुत्र्याला सावलीत पाणी देऊन थेट जनावरांच्या डॉक्टरांना फोन करायचा. आलेख नंतर बघा.

हे सगळं ओळखायला यंत्राला शिकवावं लागतं, आणि त्यासाठी कुणीतरी बघत बसावं लागतं. मामांची नात मोबाइलवर मोत्याचं चित्रण करायची आणि वहीत लिहायची: पळाला, खाजवलं, झोपला, झोपेत पाय हलवले. चित्रण आणि आकडे यांची वेळ जुळवायला एक युक्ती सांगतो. कॅमेऱ्यासमोर पट्ट्यावर बोटाने तीन टिचक्या मारायच्या. आलेखात तीन सुळके दिसतात, ते धरून पुढचं सगळं जुळत जातं. माझ्या मते या प्रकल्पातलं खरं संशोधन त्या वहीत आहे. तुमच्यातल्या बहुतेकांना ते कंटाळवाणं वाटेल, आणि म्हणूनच बहुतेक प्रकल्प प्रदर्शनाच्या टेबलावर संपतात.

बॅटरीबद्दल मात्र कडक सांगतो, कारण ती जिवंत गळ्याला बांधायची आहे. टीपी-४०५६ बाजारात मिळतो तेव्हा त्यावर १.२ किलोओहमचा रोधक असतो आणि तो १ अँपिअरने चार्ज करतो. ५०० च्या बॅटरीला हे जास्त होतं. पाच किलोओहमच्या आसपासचा रोधक लावा, प्रवाह २५० मिलिअँपिअरवर येतो. चार्जिंग पट्टा उतरवून, सावलीत. तापमान ४५ अंशांवर असताना लिथियम बॅटरी चार्ज करत नाहीत, आणि आपले पत्रे दुपारी त्याच्या पुढे जातात. डबी कुत्र्याच्या दातांना पुरून उरेल अशी हवी. दोन कुत्री खेळताना पहिली मानच धरतात.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, गायीला बांधता येईल का? येईल, आणि तिथे पैशाचा हिशेब जास्त सरळ आहे. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते, म्हणजे गाभण राहायला तयार होते, आणि माज १२ ते १८ तास टिकतो. रात्री आला आणि कुणी पाहिला नाही तर पुढचे तीन आठवडे गेले. माजावरची गाय जास्त हिंडते. १९७७ मध्येच अमेरिकेत गायींच्या पायाला पावलं मोजायचं यंत्र बांधून हे दाखवलं होतं, दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढ. मोकळ्या गोठ्यातल्या देवणीला किंवा लाल कंधारीला पट्टा पायाला बांधा. दावणीला बांधलेली असेल तर पावलं कुठून मोजणार? मग गळ्यालाच बांधा आणि रात्रीच्या उठबशीवर नजर ठेवा.

म्हशीचं अवघड आहे. तिचा माज पुष्कळदा मुका असतो, डोळ्यांना दिसत नाही आणि आकड्यांतही पुसटच. त्यातून ती डबक्यात गळ्यापर्यंत बसणार. तेव्हा म्हशीवर हात घालणार असाल तर कोडच्या आधी डबीचं रबर सील नीट बसवा.