पावागड ते कमाटीबाग: वारशाचा नकाशा

नमस्कार श्रोतेहो. बडोद्याचा वारसा म्हटलं की लक्ष्मीविलास, मांडवी, न्यायमंदिर अशी नावं आपण घडाघडा सांगतो. नकाशावर तेवढे ठिपके दिले की झालं काम! चांपानेर-पावागडाला युनेस्कोनं २००४ मध्ये जागतिक वारसा मानलं, तिथं मात्र ठिपके पुरत नाहीत. माथ्यावर कालिकामाता, चढावर पायवाट आणि तळी, पायथ्याशी महमूद बेगड्याची राजधानी. याच डोंगरातली विश्वामित्री पुढं आपल्या कमाटीबागेतून वाहते. म्हणून नकाशावर रेषा हव्यात: पाणी कुठून उतरतं, वाट कुठून चढते, कुठून काय दिसतं.

असा नकाशा बनवायची क्यूजीआयएस ही संगणकप्रणाली फुकट मिळते. यूटीएम म्हणजे जागा अंशांऐवजी मीटरमध्ये मोजायची पद्धत; आपला भाग तिच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो. आधी तो निवडा. नुसत्या अक्षांश-रेखांशांवर काम केलंत, तर तळ्याभोवती ५०० मीटरचा पट्टा मागाल आणि ५०० अंशांचा हाती पडेल.

जुना कागदी नकाशा आजच्या नकाशावर बसवताना दहा-बारा खुणेच्या जागा घ्या, चारही कोपऱ्यांत विखुरलेल्या. देवळाचा कोपरा, विहीर, जुना चौक चालेल. नदीचं वळण नको, पात्र सरकतं. नकाशा ताणून बसवायची ‘थिन प्लेट’ पद्धत चूक शून्य दाखवते. त्या शून्यावर जाऊ नका, ती प्रत्येक खूण ओढूनताणून जागेवर बसवते. दोन-तीन खुणा बाजूला ठेवा आणि नकाशा बसल्यावर त्या जुळतात का ते बघा.

आता दृश्य. बडोद्याच्या गच्चीवरून पावागड दिसतो का? उंचीची माहिती ३० मीटरच्या चौकटींत फुकट मिळते. गच्चीच्या उंचीत डोळ्याची १.६ मीटर मिळवा, आणि पृथ्वीच्या गोलाईची दुरुस्ती विसरू नका. सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर, हवेतलं वक्रीभवन (प्रकाशाचं वाकणं) धरूनही, डोंगर सुमारे ११० मीटर खाली जातो. माथा सुमारे ८०० मीटर उंच, तो तरतो; पायथ्याच्या टेकड्या बुडतात. समोरची सातमजली इमारत मात्र ३० मीटरच्या चौकटीत धड उमटत नाही, तेव्हा पावसाळा सरल्यावर स्वच्छ सकाळी गच्चीवर जाऊन खात्री करावीच लागते.

कुठल्या जागेचं मोल किती, हे ठरवणं सगळ्यात अवघड. एका तळ्याला पुरातत्त्वज्ञ पाचपैकी १ गुण देतो, यात्रेकरू ५. सरासरी ३, आणि हे मत दोघांचंही नाही! इतिहास, श्रद्धा, दृश्य, निसर्ग यांचे स्तर वेगळे ठेवा आणि गुण कोणी दिले तेही नोंदवा. जिथं नोंदी जास्त तिथं गडद होणारा रंगीत घनता-नकाशा दिसायला झकास, पण पाहणी करणारे जिथं जास्त फिरले तिथंच तो लालेलाल होतो. त्यांच्या फिरण्याची वाटही सोबत छापा.

आणि नोंदी मराठीत ठेवणार असाल तर शेपफाइल हा नकाशाची माहिती साठवायचा जुना फाइलप्रकार टाळा. तिच्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइट, म्हणजे संगणकातल्या जागेची दहाच घरं, मिळतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-वेलांटीसुद्धा. ‘कालिकामाता’ लिहाल तर ‘काल’वरच गाडी थांबेल. जिओपॅकेज या दुसऱ्या फाइलप्रकारात ही अडचण येत नाही.