वादळ किनाऱ्यावर, पाऊस आपल्या वावरात

(दृश्य: यवतमाळ जिल्हा. सोंगून ठेवलेल्या सोयाबीनच्या ओळी, पलीकडे पऱ्हाटी.)

२६ सप्टेंबर २०२१ची संध्याकाळ. 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ धडकलं. दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि बातम्यांतून वादळ उतरलं. इकडे सोयाबीन सोंगणीला आलेलं, काहींचं सोंगून वावरातच पडलेलं. २८ तारखेला उमरखेड तालुक्यात नाल्याच्या पुरात एसटी वाहून गेली. माणसं गेली.

वारा पडला, तरी पाऊस कसा टिकला?

(दृश्य: समुद्र, मग वर चढणारे ढग.)

समुद्राच्या एक किलो पाण्याची वाफ होते, तेव्हा सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता त्या वाफेत साठते. हवा वर चढून गार झाली, वाफेचे थेंब झाले, की ही उष्णता ढगातच मोकळी होते. तिथली हवा तापते, हलकी होते. खाली दाब उतरतो आणि आजूबाजूची ओली हवा आत ओढली जाते. तीच पुढचं जळण. म्हणूनच चक्रीवादळाचा गाभा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार असतो.

उष्णता किती सुटली, याहून ती कुठे सुटली हे मला जास्त मोलाचं वाटतं. वादळाच्या मधल्या शांत भागाभोवतीच्या, म्हणजे 'डोळ्या'भोवतीच्या ढगांच्या भिंतीत, सर्वांत जोराच्या वाऱ्याच्या आतल्या अंगाला सुटली, तर वादळ आवळत जातं, वारा वाढतो. बाहेरच्या पावसाच्या पट्ट्यांत सुटली, तर घेर पसरतो. आता चालीचं. वादळाला वाहून नेतात ते मुख्यतः भोवतालचे मोठे वारे. पण एकाच अंगाला धो धो पाऊस लागून राहिला, तर त्या बाजूला हवेचं फिरणं बळावतं आणि केंद्र तिकडे कलू शकतं.

(दृश्य: नकाशा. बंगालच्या उपसागरापासून ओमानपर्यंतचा मार्ग.)

जमिनीवर समुद्राची वाफ तुटते, घर्षणाने वारा मंदावतो. पण सप्टेंबरअखेर आपली काळी माती ओलीचिंब असते, हवेतही दमटपणा भरपूर. पाऊस पडत राहतो, उष्णता सुटत राहते, फिरणं पुरतं मरत नाही. गुलाबचे अवशेष तेलंगण, विदर्भ, मराठवाडा, गुजरात ओलांडून अरबी समुद्रात उतरले. तिथे कोमट पाणी मिळालं आणि त्यातूनच 'शाहीन' उभं राहिलं. ३ ऑक्टोबरला ते ओमानवर आदळलं.

(दृश्य: ताडपत्रीखालची गंजी.)

टीव्हीवर वादळाच्या केंद्राची एक बारीक रेघ दाखवतात. कास्तकाराला त्या रेघेचा उपयोग थोडा. पावसाचा पसारा तिच्या दोन्ही बाजूंना दूरवर असतो, आणि बऱ्याचदा एका बाजूला कितीतरी जास्त. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा बघा. जिल्हा केशरी किंवा लाल दिसला, तर सोंगणी थांबवा. सोंगलेलं असेल, तर ओळी उचलून उंचावर गंजी लावा आणि ताडपत्री घट्ट बांधा.