नाकाडी : जतच्या माळावरची उद्याची मेंढी

सांगली जिल्ह्यातला जतचा माळ. मुरमाड जमीन, कुसळ, हिवर, तरवड, फड्या निवडुंग. सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात, म्हणून हा पट्टा आजही अवर्षणाचा. आता समजा, दहा लाख वर्षं उलटली, माणूस उरला नाही आणि वर्षाचा पाऊस 150 मिलिमीटरवर आला. इथं कोण चरत असेल?

आमचं उत्तर : याच तालुक्यातल्या माडग्याळ मेंढीचा वंश. उंच पाय, लांब मान, बिनशिंगी डोकं आणि फुगीर, बाकदार नाक तिच्याकडे आधीपासूनच आहे. या काल्पनिक जनावराचं नाव आम्ही ठेवलंय नाकाडी.

तिच्या नाकाचा आडवा छेद डोळ्यांसमोर आणा. आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या, त्यांवर ओलं अस्तर. आत जाणारी कोरडी हवा हे अस्तर गार करते. फुप्फुसातून परतणारी उबदार, दमट हवा त्याच गार अस्तराला लागते आणि तिच्यातली वाफ तिथंच पाणी होऊन जमते. नाक जितकं फुगीर, तितक्या गुंडाळ्या जास्त मावतात.

दुपारी मात्र हे गणित उलटतं. मेंढी धापून अंग थंड ठेवते, आणि धाप लागली की वाचवलेलं पाणी उडून जातं. म्हणून नाकाडी धापणं लांबवते, अंग तापू देते. 60 किलोचं जनावर 3 अंशांनी तापलं, तर तेवढी उष्णता उतरवायला लागणारं सुमारे पाव लिटर पाणी वाचतं. ही उष्णता ती रात्री उघड्या आभाळाखाली सोडते. तोवर मेंदू सांभाळायची सोय आजच्या मेंढीतही आहे : मेंदूकडे जाणारं रक्त बारीक धमन्यांच्या जाळ्यातून जातं, आणि नाकाकडून परतलेलं गार रक्त त्या जाळ्याभोवती खेळत असतं.

वाळवंटी जनावर म्हटलं की पाठीवर मदार चिकटवायची आणि तिच्यात पाणी आहे म्हणायचं, ही नेहमीची चूक. एक ग्रॅम चरबी जळाली की ग्रॅमभराहून थोडं जास्त पाणी बनतं खरं, पण त्यासाठी प्राणवायू ओढताना ते श्वासावाटे निघूनही जातं. चरबी म्हणजे शिदोरी. ती शेपटीत एकवटलेली बरी; अंगभर पसरली तर उष्णता कोंडते.

पाणी साठतं ते पोटाच्या पहिल्या कप्प्यात. ओढा वाहिला की नाकाडी एका दमात 15 लिटर पिते. ते एकदम रक्तात उतरलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतील. कप्प्यातून ते हळूहळू झिरपतं. लेंड्या कोरड्या, मूत्र दाट.

चरणं पहाटे, वाळल्या गवतानं रात्रीचा ओलावा धरलेला असतो तेव्हा. कुसळं लोकरीत अडकून कातडीत घुसतात, म्हणून अंगावर आखूड, गुळगुळीत केस. निवडुंग रसाळ, पण नुसता तोच खाल्ला तर हगवण लागते आणि मिळालेलं पाणी वाया जातं. वाळल्या गवताची जोड हवीच.

खरी अडचण कोकरांची. लहान अंग चटकन तापतं, आईची युक्ती त्यांना जमत नाही. म्हणून वेत परतीच्या पावसानंतर, आश्विनात. गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे फळणं वैशाखात, सगळ्यात कडक दिवसांत. तेव्हा जिची शेपूट सुकलेली, ती माजावर येतच नाही. लागोपाठ कोरडी वर्षं आली की कोकरं फक्त जाड शेपटीच्या मेंढ्यांची, आणि पिढ्यानपिढ्या शेपूट जड होत जाते. फार जड झाली तर मात्र नराला लागता येत नाही. तिची वाढ तिथंच थांबते.